आधी सोडायचा श्वास

आमच्या घरात सकाळ डाळमिलच्या धडधडीने व्हायची. जळगावात हमरस्त्याच्या अलीकडे आमची वस्ती होती. मागे डाळमिल, पुढे ट्रकांचा अड्डा आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत आमची घरं. मिलचा पट्टा फिरायला लागला की फळीवरची भांडी किणकिणायची आणि आई म्हणायची, "उठ सुमन, भांडी उठली." माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, ट्रक चालवायचे. जामनेर-रावेरकडे केळी भरायची, शिरपूरवरून घाट चढायचा आणि माल इंदूरला पोचवायचा. ते परत आले की अड्ड्यात शिरताना दोनदा तोकडा हॉर्न द्यायचे, आणि तो ऐकल्यावर आई तवा ठेवायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा, एवढं त्यांना पुरायचं. जेवताना ते बोलत नसत. अंगाला डिझेलचा आणि केळीच्या पानांचा मिसळलेला वास असायचा, तो आंघोळीनंतरही जायचा नाही. थोरली बहीण लग्न होऊन एरंडोलला गेली होती, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. उन्हाळ्यात आई बिबडे घालायची, ज्वारीच्या पिठाचे, आणि वस्तीतल्या बायकांना पापड लाटून द्यायची. तिचे हात कधी रिकामे मी पाहिले नाहीत.

मी दहावीत होते तेव्हा सहामाही परीक्षेत ते पहिल्यांदा झालं. पेपर भूगोलाचा होता आणि मला तो येत होता, हे मुद्दाम सांगते, कारण पुढे सगळ्यांनी धरून चालायला सुरुवात केली की अभ्यास झाला नसेल. नदीखोऱ्यांचा प्रश्न लिहिताना एकाएकी वाटलं, वर्गातली हवा संपली. मी तोंड उघडून हवा आत ओढली. पुरली नाही. आणखी ओढली. छाती ढोलासारखी वाजायला लागली, बोटांना मुंग्या आल्या आणि मग ती बोटं आपोआप वळून आखडली, पेन धरवेना. मी मरते आहे, इतकी साधी, स्वच्छ खात्री मला आयुष्यात दुसऱ्या कशाचीच झालेली नाही. बाई धावत आल्या. कुणी कांदा फोडून हुंगवला, कुणी चप्पल नाकाशी धरली. रिक्षात घालून मला घरी आणलं, तोवर सगळं ओसरलं होतं आणि मी नुसती थरथरत होते.

डॉक्टरांनी छातीला तारा लावून पट्टी काढली. पट्टी पाहून ते हसले आणि म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. काही नाही झालेलं." आईने हात जोडले. मला मात्र तो शब्द लागला. काही नाही, तर मग ते होतं काय? पुन्हा झालं तेव्हा आईसुद्धा म्हणाली, "काही नाही गं, काही नाही," आणि म्हणताना तिचाच आवाज कापत होता. आमच्याकडे दृष्ट काढणं वगैरे चालत नसे. घरात रोज वंदना व्हायची, विहारात जाणं-येणं होतं, आणि नानांना असल्या गोष्टींचा संताप होता. तरीही एकदा ते खेपेवर असताना आईने माझ्यावरून मिरच्या-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि ठसका लागून आम्ही दोघी मागच्या दारी पळालो. "नानांना सांगू नको," ती डोळे पुसत म्हणाली. मी सांगितलं नाही.

हळूहळू ते पसरलं. आधी फक्त वर्गात व्हायचं, मग रेल्वे फाटक बंद होऊन गर्दीत अडकलं की, मग बाजारात, मग कशाचंच निमित्त लागेना. होण्यापेक्षा होईल याची भीती मोठी झाली. माझं शाळेत जाणं सुटलं. आमच्या घरात त्याला नाव नव्हतं. आई 'तिचं ते' म्हणायची. माझी नात आज पुण्याहून फोनवर "आजी, काल मला पॅनिक अटॅक आला होता," असं सर्दी झाल्यासारखं सांगते. तिच्या मनगटावरचं घड्याळ मधूनमधून थरथरून तिला सावकाश श्वास घ्यायची आठवण करतं म्हणे. मी त्या घड्याळाला नावं ठेवत नाही. आमच्या वेळी नाव असतं तर निम्मं ओझं त्या नावानेच उचललं असतं.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी आई नानांना म्हणाली, "नाही झाली दहावी तर नाही होणार. शिवणाच्या क्लासला घालू. पोरगी जिवंत तर राहील." नानांनी अर्धी भाकरी ताटातच ठेवली. त्या दिवसांत ते तसेही कमी जेवत होते, पण माझं दुखणं एवढं मोठं होतं की त्यांच्या ताटाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ते म्हणाले, "अक्काकडे पाठव. परीक्षेपर्यंत राहू दे तिथं."

अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. शिंदखेड्याच्या दवाखान्यात नर्स होती. तिचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, आणि दवाखान्याला लागून असलेल्या क्वार्टरमध्ये ती एकटी राहायची. आई मला गाडीने पोचवायला आली. पाळधी, धरणगाव, अमळनेर. एकेक स्टेशन गेलं की मी मनाशी म्हणायची, इथवर तर जिवंत आले. खिडकीचा गज इतका घट्ट धरला होता की हाताला गंजाचा वास संध्याकाळपर्यंत राहिला. स्टेशनवर अक्का उभी होती. बुटकी, पांढरं पातळ, काखेत छत्री आणि मुठीत शेंगदाणे. कागद लिहिताना तिची भाषा सरकारी मराठी असे, बाकी वेळ अहिराणी. माझ्याशी निम्मी-निम्मी बोलायची. आई परत गेल्यावर तिने मला ओट्यावर बसवलं आणि विचारलं, "काय व्हस तुले?"

"श्वास घेता येत नाही, अक्का."

"घेता येत नही का सोडता येत नही?"

मला प्रश्नच कळला नाही. तेवढ्यात, त्याबद्दल बोलल्यामुळेच असेल, ते सुरू झालं. मी हवा ओढायला लागले. अक्काने धावपळ केली नाही, पाणी आणलं नाही, काही नाही-काही नाही म्हटलं नाही. माझ्या पाठीवर तिचा जाड हात ठेवला आणि म्हणाली, "दख. तू नुसती घेतच जास, घेतच जास. सोडस कव्हय?" म्हणजे सोडतेस कधी. "भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतलं तर जाईल कुठे? आधी सोड. गरम कढीवर फुंकर घालतो ना, तशी. ओठ बारीक कर. जोर नको."

मी फुंकर घातली. तुटक, कापरी. मग मी घाईने पुन्हा हवा आत ओढणार, तर ती म्हणाली, "श्वासाला बोलवू नको. तो आपोआप येतो. तू फक्त सोडायचं बघ." मी पुन्हा सोडला. आत येणारा खरंच आपोआप आला. लहानसा होता, पण पुरला. असं बराच वेळ चाललं आणि शेवटी माझी आखडलेली बोटं सैल झाली. ती उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "चाल, भाकरी थाप."

मी त्या दिवशी बरी झाले असं लिहायला मला आवडलं असतं. झालं उलटंच. पुढचे काही दिवस मी श्वासावर इतकी नजर ठेवली की तो बिचारा चालता चालता अडखळायला लागला. बरोबर येतोय ना, पोटापर्यंत जातोय ना, याच काळजीने दोनदा ते झालं. मी रडत अक्काला सांगितलं, तुझ्या उपायाने वाढलं. तिला राग आला नाही. "मंग नको दखू त्याच्याकडे," ती म्हणाली. "पाय जमिनीवर टेकव. फरशी थंड शे का गरम, ते सांग. लिंबाच्या झाडावर काय दिसतं, ते सांग." म्हणून मी पुष्कळदा श्वासाचा नाद सोडून लिंबावरचे राघू पाहत बसायची, आणि कधीतरी लक्षात यायचं की फुंकर आपली आपण लांब झाली आहे. तिचा एकच नियम कडक होता: बरं वाटत असतानाच करायचं. तुरीच्या शेंगा सोलताना, भाकरी फुगायची वाट पाहताना, कपडे पिळताना. "तहान लागल्यावर विहीर खणायला बसशील का?" असं म्हणून ती मला दिवसातून पाच-सहा वेळा टोकायची. एक हात पोटावर ठेवायचा, खांदे उचलायचे नाहीत, श्वास कोंडून धरायचा नाही. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबायचं आणि नेहमीसारखं बसायचं. एवढंच. कंटाळवाणं काम होतं.

क्वार्टरची मागची भिंत बाळंतपणाच्या खोलीला लागून होती. दुपारी मी गणितं सोडवत बसलेली असायची आणि भिंतीपलीकडून अक्काचा आवाज यायचा, "सोड वं माय, सोड... आते घाई नको करू... सोड." मध्ये एखादी किंकाळी, मग पुन्हा तोच आवाज, न चिडता, न थकता. आणि मग कधीतरी ते कोवळं, रागावलेलं रडणं. पहिल्यांदा मी कानांवर हात ठेवले. नंतर सवय झाली. इतकी की पलीकडची बाई सोडायची तेव्हा मीही सोडायची, पेन्सिल हातात धरून. हे कुठे शिकलीस, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "थोडं नर्सिंगला, थोडं विहारात भंतेजी सांगत ते, आणि बाकीचं या बायांकडून." हिवाळा होता. बाजाराच्या दिवशी ती भरताची हिरवी वांगी आणायची, तुराट्यांवर भाजायची आणि लाकडी बडगीत कुटायची. त्या धुराचा, मिरचीचा, लसणीचा वास अजून कुठे आला की मी नकळत श्वास सोडते.

अशाच एका बाजारात मला ते पुन्हा झालं, आणि वाईट झालं. आम्ही मिरचीवाल्यांच्या ओळीत होतो. लाल मिरच्यांचे ढीग, गर्दी, आणि अक्का पुढे वांग्यांचा भाव करायला गेलेली. माझे पाय गेले. मी एका मिरचीच्या पोत्यावरच बसले. त्यामुळे शिंका सुरू झाल्या. श्वास कोंडलेला, डोळ्यांत धारा, शिंकेवर शिंक, आणि मिरचीवाली आजी ओरडतेय, "ऊठ वं पोरी, मना माल!" मी अक्काकडे पाहिलं. तिने मला पाहिलं होतं. पाहून ती पुन्हा वांगी निवडायला लागली. त्या क्षणी मला तिचा इतका राग आला की भीतीला जागा कमी पडली. मी पाय मातीत रोवले आणि फुंकर घातली. मध्येच शिंक यायची, मग पुन्हा फुंकर. ते गेलं नाही, पण मी उठून उभी राहू शकले, आणि चालत तिच्यापर्यंत गेले.

"तू आली का नाहीस?" मी ओरडलेच.

"मी पयत उनू असती, धावत आले असते, तर तुले वाटतं काहीतरी मोठं व्हयनं," ती म्हणाली, आणि वांग्यांची पिशवी माझ्या हातात दिली. "चाल."

त्यानंतर भीती येत राहिली, पण तिच्या येण्याची मला भीती वाटेनाशी झाली. हा फरक सांगायला एवढासा आहे.

हिवाळा सरता सरता नाना मला न्यायला आले. दोंडाईच्याहून सुक्या मिरचीची पोती भरून जळगावला निघाले होते. अक्काने उडदाचं वरण आणि भाकरी केली. जेवताना तिने विचारलं, "तू आते घाटावर नही जास का रे?"

"कंबर धरते," नाना म्हणाले. "शेटला सांगून इकडच्या खेपा घेतल्या."

अक्काने त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि त्यांच्या ताटात आणखी वरण वाढलं. मला मात्र ट्रकच्या केबिनमध्ये बसायचा आनंद झाला होता. उंचावरून रस्ता दिसत होता, समोरच्या काचेवर बुद्धाचं लहानसं चित्र, मागून मिरचीचा तिखट खाट. सोनगीर गेलं, धुळे गेलं. मी नानांना बाजारातल्या शिंकांची गोष्ट सांगितली आणि ते हसले, फार दिवसांनी. पारोळा मागे पडल्यावर पुढे गाड्या थांबलेल्या दिसल्या. केळीचा एक ट्रक रस्त्याच्या कडेला आडवा झाला होता. घड सगळीकडे पसरलेले, लोक जमलेले. त्याचा ड्रायव्हर बाजूला बांधावर बसून पाणी पीत होता. कपाळाला फडकं बांधलेलं, बाकी धडधाकट. मी म्हटलं, "वाचला बिचारा." नानांनी ट्रक कडेला एका बाभळीखाली घेतला, बंद केला, आणि तसेच बसून राहिले.

त्यांचे हात स्टिअरिंगवर होते. शर्ट पाठीला चिकटला होता. चेहऱ्याचा रंग राखेसारखा. तोंड उघडं, आणि हवा आत ओढल्याचा आवाज. तो आवाज मी ओळखत होते. बाहेरून मात्र कधी ऐकला नव्हता.

"सुमन," ते म्हणाले, "कुणाला तरी बोलव. छाती... मी चाललो."

खरं सांगायचं तर मला काहीच ठाऊक नव्हतं. हृदयाचं असेल तर? आज कुणाला असं झालं तर मी आधी दवाखाना गाठीन, आणि वाचणाऱ्यानेही तेच करावं. पण त्या वेळी समोर गर्दीने रस्ता बंद होता. मी खिडकीतून ओरडून एका माणसाला म्हटलं, "इथे डॉक्टर आहे का कुणी? माझ्या वडिलांना बघा!" तो माणूस पळत गर्दीत गेला. तेवढ्यात माझी नजर नानांच्या बोटांवर गेली. ती माझ्यासारखीच वळली होती.

"मुंग्या येतात का बोटांना?"

त्यांनी मान हलवली. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. जन्मात कधी ठेवला नव्हता. आणि घाबरलेल्या माझ्या तोंडून अक्काचीच बोली निघाली. वडिलांना मी पहिल्यांदा अरे-तुरे केलं. "सोड, नाना. घेऊ नको. आधी सोड."

"हवाच नाही..."

"शे. भरपूर शे. सोडस नही म्हणून येत नही. कढी गरम शे असं समज. फुंक."

त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. तो राग पाहून मला धीर आला, कारण राग मला माहीत होता. त्यांनी फुंकर घातली. निम्म्यात तुटली. "आता ओढू नको. येऊ दे त्याचा तो. पुन्हा फुंक." माझाही जीव वरखाली होत होता. मी त्यांच्याबरोबर फुंकत राहिले, कारण न फुंकते तर माझंही ते सुरू झालं असतं. मधेच मी विचारलं, "समोर किती गाड्या दिसतात?" ते मोजायला लागले, चुकले, पुन्हा मोजायला लागले. असं करता करता त्यांचे खांदे खाली आले. मी त्यांचं एकेक बोट स्टिअरिंगवरून सोडवून मांडीवर ठेवलं. मघाचा माणूस पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर चढला. डॉक्टर मिळाला नव्हता. नाना सगळा तांब्या प्याले आणि परत देताना म्हणाले, "उपकार झाले भाऊ." आवाज त्यांचा होता.

रस्ता मोकळा झाल्यावर एरंडोलपर्यंत त्यांनी ट्रक बैलगाडीच्या चालीने आणला. बहिणीच्या घरी न जाता आम्ही आधी डॉक्टरांकडे गेलो. तिथेही तारा लावल्या, पट्टी निघाली, आणि तिथेही डॉक्टर म्हणाले, काही नाही. नाना बाहेर आले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुला असंच म्हणत होते ना सगळे? काही नाही म्हणून?"

समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. तिथे बाकावर बसून त्यांनी मला जे सांगितलं, ते त्यांनी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. पावसाळा संपता संपता घाटातल्या एका वळणावर त्यांच्या पुढचा ट्रक खाली गेला होता. नाना आणि आणखी काही जण उतरून गेले. ड्रायव्हर केबिनमध्ये चेपला होता, पण शुद्धीवर होता. नानांच्या ओळखीचा नव्हता. त्याने नानांचा हात धरला आणि सोडला नाही. गाव विचारलं, मुलंबाळं विचारली. पत्रा कापायला माणसं येईपर्यंत तो बोलत राहिला, आणि ती आली तेव्हा बोलायचा थांबला होता. "हात मात्र तसाच धरलेला," नाना म्हणाले. "माझाच मला सोडवून घ्यावा लागला." त्यानंतर घाटाचं पहिलं वळण आलं की त्यांचे हात आखडायचे. ते ट्रक वळवून परत यायचे आणि शेटला कंबर सांगायचे. "ड्रायव्हर माणूस रस्त्याला भितो, हे कुणाला सांगू?"

मी मनाशी महिने जुळवले. माझं ते त्याच सुमारास सुरू झालं होतं. घरात एक माणूस काही न बोलता एवढं घेऊन वावरत होता, त्याचा माझ्या दुखण्याशी संबंध होता का, हे मी पुढे कितीदा तरी स्वतःला विचारलं. उत्तर मिळालं नाही, आणि आता मी विचारत नाही.

"तुझ्या आईला सांगू नको," उठताना ते म्हणाले.

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

ते ट्रककडे चालू लागले. पण घरी पोचल्यावर हातपाय धुऊन ताटावर बसले आणि पहिला घास घ्यायच्या आधीच त्यांनी आईला सगळं सांगितलं, घाट, तो ड्रायव्हर, परत वळवलेल्या खेपा, आजचं बाभळीखालचं. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. मग ती तोंडावर पदर धरून रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, "मला वाटलं इंदूरला कुणी आहे."

नाना बघतच राहिले. "कोण आहे?"

"जेवत नाही, बोलत नाही, विचारलं तर कंबर सांगता. बाईमाणसाने काय समजायचं?" तिने डोळे पुसले, तव्यावरची करपलेली भाकरी काढून बाजूला टाकली आणि नवा उंडा घेतला. "सोडा तो घाट. केळी काय घाटातूनच खपतात का?" मला इतकं हसू आलं की ठसका लागला. नानाही हसले. त्या दिवशी आमच्या घरात पुष्कळ दिवसांनी आम्ही तिघंही पोटभर जेवलो.

परीक्षेत ते झालंच. पहिल्याच पेपरला, प्रश्नपत्रिका वाटत असताना. मी चप्पल काढून पाय फरशीवर टेकवले आणि फुंकर घातली. पर्यवेक्षक बाई दोनदा म्हणाल्या, "शिट्टी कोण वाजवतंय?" बराच वेळ गेला, शेवटचा प्रश्न राहिला, पण मी वर्गातून उठले नाही. पुढच्या पेपरांना कमी झालं, एका पेपराला झालंच नाही. मी सेकंड क्लासमध्ये पास झाले. पुढे आयुष्यात दोनदा ते जोराने परत आलं, एकदा तर फुंकर पुरली नाही आणि गोळ्या घ्याव्या लागल्या. त्या मी घेतल्या आणि त्यांनी गुण आला. नानांनी धुळे-जळगावच्याच खेपा धरल्या. घाट ते पुन्हा चढले, पण बऱ्याच वर्षांनी, माझ्या भाचीच्या लग्नाला सेंधव्याला जाताना, वऱ्हाडाच्या गाडीत खिडकीशी बसून. पहिल्या वळणावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठ बारीक केले.

पण त्याआधीची, मी दहावी पास झाले त्या उन्हाळ्यातली एक गोष्ट राहिली. नानांनी अड्ड्यावर आपलं सगळं सांगून टाकलं होतं. तिथे एक बारकू पहिलवान म्हणून ड्रायव्हर होता, नाव बारकू आणि देह दाराएवढा, मिशा कानापर्यंत. तोच सगळ्यांत जास्त हसला म्हणे. पोरीकडून श्वास घ्यायला शिकतो का, अशी नानांची टर उडवली. मग काही दिवसांनी भरदुपारी, अड्डा झोपलेला असताना, तो आमच्या दारात उभा राहिला. हातात केळ्यांची फणी. "वहिनी, सुमन आहे का?" आईने त्याला बाजेवर बसवलं आणि ती आत गेली. बाज करकरली. तो मिशीवरून हात फिरवून हळूच मला म्हणाला, "बाई, कुणाला बोलू नको. तापीचा पूल आला की माझं पाणी होतं. अर्ध्यावर वाटतं, हा आता पडणार. डोळे मिटता येत नाहीत, गाडी थांबवता येत नाही. पूल सरला की कपडे पिळून काढावे इतके ओले. पहिल्यापासूनचं आहे हे."

मी त्याला पाय जमिनीवर टेकवायला सांगितले, पोटावर हात ठेवायला सांगितला, कढीचं सांगितलं. त्याने छाती फुगवली आणि अशी फुंकर मारली की शेजारच्या सुपातलं आईचं पापडाचं पीठ उडून त्याच्याच मिशांवर बसलं.

"इतक्या जोरात नाही, काका."

"मग कसं?"

"बाळ झोपलंय आणि त्याच्या कपाळावरची माशी उडवायची आहे, असं."

त्याने डोळे मिटले. पांढऱ्या झालेल्या मिशा हलल्या न हलल्या अशी फुंकर गेली. पुन्हा एक गेली. तो एवढा मोठा माणूस हळूहळू बाजेत खाली खाली बसत गेला. मग त्याने एक डोळा उघडून मला विचारलं, "आता पुढं काय करायचं?"

"काही नाही. असंच बसायचं."

"किती वेळ?"

आतून आईचा आवाज आला, "चहा होईपर्यंत बसा."